जारमधली एकच फाइल बदलायची असेल तर

या वेळचे बहुतेक प्रश्न तयार जारमध्ये (जावा प्रोग्रामच्या फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यात) बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधताना, बदल कसा करायचा याबद्दल आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या अँट (जावाचं बिल्ड अवजार) बिल्डमध्ये एक मोठी जार येते. तिच्यातली एकच प्रॉपर्टीज फाइल (सेटिंगची फाइल) ग्राहकानुसार बदलावी लागते. सध्या आम्ही सगळी जार अनझिप करतो, फाइल बदलतो आणि पुन्हा जार बांधतो. यात फार वेळ जातो. दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो झिपच्या रचनेतच आहे. जार ही शेवटी झिप फाइलच. फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कॉम्प्रेस होते आणि कोणती फाइल कुठे आहे याची यादी अगदी शेवटी असते. त्यामुळे एक फाइल बदलली तरी बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही. त्यांचे कॉम्प्रेस झालेले बाइट्स जसेच्या तसे नव्या जारमध्ये उतरवता येतात. तुमचा वेळ जातो तो ढीगभर छोट्या क्लास फाइली (कंपाइल झालेला जावा कोड) डिस्कवर काढण्यात आणि पुन्हा भरण्यात.

मात्र अवजार बघून घ्या. जेडीकेमधली (जावाच्या अवजारांच्या संचातली) जार कमांड 'यूएफ' देऊन चालवली की डिस्कवरचा पसारा टळतो, पण आतल्या कॉम्प्रेस केलेल्या एंट्री ती उलगडून पुन्हा कॉम्प्रेस करतेच. लिनक्सवरची नेहमीची इन्फो-झिपची झिप कमांड न बदललेल्या एंट्री थेट कॉपी करते. जावा ७ मध्ये आलेली झिप फाइलसिस्टमही (जावा कोडमधून झिप फोल्डरसारखी उघडण्याची सोय) बंद होताना असंच करते. त्यामुळे अँटमधून एक्झेक टास्कने (बाहेरची कमांड चालवणाऱ्या पायरीने) झिप बोलवा, हा माझा सल्ला. बदल अनेक असतील तर ते एकाच कॉलमध्ये द्या, कारण दर कॉलला पूर्ण जार नव्याने लिहिली जाते.

आणि पाथ सांभाळा. जारमध्ये फाइल 'कॉन्फिग/अ‍ॅप.प्रॉपर्टीज' अशी असेल आणि तुम्ही वरच्या फोल्डरमधून 'बिल्ड/कॉन्फिग/अ‍ॅप.प्रॉपर्टीज' दिलीत, तर जुनी फाइल तशीच राहते आणि भलत्या पाथवर दुसरी तयार होते. बिल्ड हिरवा दिसतो, ग्राहकाकडे मात्र जुनीच सेटिंग जाते. म्हणून आधी बिल्ड फोल्डरमध्ये जाऊन मगच कमांड चालवा.

तरीही ही फाइल जारमध्ये असायलाच हवी का, हे टीमला जरूर विचारा. क्लासपाथवर (जावा फाइली जिथे शोधतं त्या जागांच्या यादीत) जारच्या आधी एक कॉन्फिग फोल्डर ठेवलं तर हा सगळा खटाटोपच उरत नाही.

प्रश्न: डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीची सुरक्षा-त्रुटी बाहेर आली तेव्हा आम्ही 'झिप -डी' वापरून जेएनडीआयलुकअप ही त्रुटीच्या मुळाशी असलेली क्लास जारमधून काढणारी पायरी बिल्डमध्ये टाकली. ती अजून आहे. राहू द्यावी का?

काढा, आणि लॉगफोरजे अपग्रेड करा. त्या आठवड्यात तो उपाय योग्यच होता: सोर्स नको, कंपाइल नको, एका कमांडचं काम. पण अशी जार नाव आणि आवृत्ती जुनीच मिरवते, त्यामुळे पुढे कोणती जार दुरुस्त आणि कोणती मूळ हे नावावरून कळत नाही. शिवाय लॉगफोरजे जर दुसऱ्या जारच्या पोटात असेल, तर बाहेरच्या जारवर चालवलेल्या त्या कमांडला क्लास सापडतच नाही. झिप तेव्हा 'करण्यासारखं काही नाही' असं सांगून एरर कोड देते. स्क्रिप्ट तो कोड गिळत असेल तर तुम्ही सुरक्षित आहात हा निव्वळ समज आहे.

प्रश्न: स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या जारमधली एक लायब्ररी बदलली, तर अ‍ॅप सुरूच होत नाही. नेस्टेड जार (जारच्या आतली जार) कॉम्प्रेस झाली आहे अशी तक्रार येते.

आतल्या जार कॉम्प्रेस न करता ठेवाव्या लागतात, कारण स्प्रिंग बूटचा लोडर त्या बाहेर न काढता जागेवरूनच वाचतो. झिपला '-०' पर्याय द्या.

प्रश्न: बदललेल्या जारवर सिक्युरिटी एक्सेप्शन येतं. मेटा-इन्फ या जारमधल्या फोल्डरातल्या डिजिटल सहीच्या फाइली उडवल्या तर चालेल का?

अ‍ॅप चालेल, पण तसं करण्याआधी थांबा. सही केलेल्या जारच्या मॅनिफेस्टमध्ये (जारच्या माहितीच्या फाइलमध्ये) प्रत्येक फाइलचा डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, असतो, तो जुळला नाही म्हणूनच हा अडथळा. जार तुमची असेल तर क्रम बदला: आधी बदल, मग सही. अँड्रॉइडच्या एपीकेलाही (अ‍ॅपच्या फाइलला) हाच नियम लागू आहे, आधी झिपअलाइन (आतल्या फाइलींची मांडणी नीट करणारं अवजार) आणि नंतर एपीकेसाइनर (सही करणारं). जार दुसऱ्याची असेल तर तिची सही उडवणं म्हणजे ती कुठून आली याचा पुरावाच फेकणं. ते मी करू नका असंच म्हणेन.

प्रश्न: मजकूर तोच असूनही दर बिल्डला जारचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) बदलतो आणि कॅशचा काही उपयोग होत नाही.

हा वेळेचा शिक्का. झिप प्रत्येक एंट्रीची वेळ जुन्या डॉस पद्धतीने, दोन सेकंदांच्या टप्प्यात आणि स्थानिक वेळेनुसार साठवते. त्यामुळे पुण्यातला लॅपटॉप आणि यूटीसीवरचा सर्व्हर यांच्या जार वेगळ्या निघतात. मेव्हन हे बिल्ड अवजार असेल तर 'प्रोजेक्ट.बिल्ड.आउटपुटटाइमस्टॅम्प' ठरवून टाका. ग्रेडल असेल तर त्यात फाइलींच्या वेळा जपणं बंद करा आणि क्रम स्थिर ठेवणारी सेटिंग चालू करा. झिपने हाताने बदल करत असाल तर आधी टच कमांडने फाइलला ठरावीक तारीख द्या, टाइमझोन यूटीसी ठेवा आणि '-एक्स' (कॅपिटल अक्षरात) द्या, म्हणजे मालक आणि वेळेची जादा माहिती जारमध्ये जाणार नाही.