वाचकांचे प्रश्न : कर्नल ड्रायव्हरमधील हेडर आणि कोडची शैली

प्रश्न : मी एका तापमान सेन्सरसाठी लिनक्स कर्नलचा (कार्यप्रणालीच्या गाभ्याचा) आय-टू-सी ड्रायव्हर, म्हणजे दोन तारांच्या जोडणीवरून सेन्सरशी बोलणारा कोड, लिहिला आहे. तो माझ्याकडे एकही वॉर्निंग न देता कंपाइल होतो आणि बोर्डावर व्यवस्थित चालतो. तरीही कोड तपासणाऱ्या परीक्षकांनी 'बिटफील्ड.एच' व 'मॉड_डिव्हाइसटेबल.एच' ही हेडर (घोषणा असलेल्या, कोडच्या सुरुवातीला समाविष्ट करायच्या फाइली) जोडायला, 'ओएफ_डिव्हाइस.एच' व 'कर्नल.एच' काढायला आणि सगळी यादी वर्णानुक्रमे लावायला सांगितले. कोड चालत असताना याची खरोखर गरज आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गरज आहे, आणि परीक्षकांनी तुमची फाइल नीट वाचली आहे असेच मी म्हणेन. कोड आज कंपाइल होतो याचा अर्थ एवढाच, की तुमच्या आर्किटेक्चरवर, तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये, आजच्या आवृत्तीत लागणाऱ्या सर्व घोषणा कुठल्या ना कुठल्या वाटेने तुमच्या फाइलपर्यंत पोहोचल्या. तुम्ही वापरलेला 'फील्ड_प्रेप' हा मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तयार तुकडा) 'बिटफील्ड.एच'मध्ये आहे, ते हेडर तुम्ही घेतलेले नसताना मॅक्रो सापडला, म्हणजे तो दुसऱ्या एखाद्या हेडरमार्फत आला. उद्या तिथली ती समावेशाची ओळ कोणी काढली, किंवा दुसऱ्या आर्किटेक्चरवर ती मुळातच नसली, तर बिल्ड तुमच्या ड्रायव्हरवर येऊन थांबेल, आणि दोष दुसऱ्याच्या पॅचला (कोडमधल्या बदलाला) लागेल. म्हणूनच कर्नलच्या पॅच-तपासणी यादीतली पहिलीच सूचना अशी आहे, की जी सुविधा वापरता तिचे हेडर स्वतः समाविष्ट करा, इतर हेडर ते आणतील यावर विसंबू नका.

'ओएफ_डिव्हाइस.एच'चा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. डिव्हाइस ट्रीची (बोर्डावरील उपकरणांच्या वर्णनाची) स्वतंत्र बस, म्हणजे उपकरणे आणि ड्रायव्हर यांची जोडी लावणारी कर्नलमधली व्यवस्था, नेहमीच्या प्लॅटफॉर्म बसमध्ये विलीन होत असताना, 2010 च्या सुमारास, हे हेडर आणि 'ओएफ_प्लॅटफॉर्म.एच' यांनी तात्पुरती सोय म्हणून एकमेकांना समाविष्ट केले. ही सोय 13 वर्षे टिकली. 2023 मध्ये ती मोडायला घेतली तेव्हा आधी ड्रायव्हरमागून ड्रायव्हर उघडून प्रत्येकात खरी लागणारी हेडर लिहावी लागली, कारण कोण कशावर विसंबून आहे हे यादी पाहून कळतच नव्हते. तुम्हाला 'ओएफ_डिव्हाइस_आयडी' ही (ड्रायव्हर कोणत्या उपकरणांसाठी आहे हे सांगणारी) रचनाच हवी असेल, तर ती 'मॉड_डिव्हाइसटेबल.एच'मध्ये मिळते.

'कर्नल.एच'चेही तसेच. त्याचे ओझे कमी करण्यासाठी 2020 मध्ये 'मिनमॅक्स.एच' आणि 2021 मध्ये 'कंटेनर_ऑफ.एच' वेगळे काढले गेले. तेव्हा नव्या ड्रायव्हरने नेमका भाग घ्यावा. अनावश्यक हेडर निरुपद्रवी नसते, कारण त्यात बदल झाला की तुमची फाइलही पुन्हा कंपाइल होते. 2022 च्या आरंभी हेडरांचे हे जाळे सोडवण्यासाठी मांडलेल्या एकाच प्रस्तावात 2,200 हून अधिक पॅच होते, यावरून गुंत्याची कल्पना यावी.

वर्णानुक्रम हा मात्र कर्नलचा लिखित नियम नाही. तरी तो पाळावा, कारण सगळ्यांनी नवी ओळ यादीच्या शेवटी जोडली की सगळ्यांचे बदल एकत्र (मर्ज) करताना संघर्ष होतात आणि एकच हेडर दोनदा आलेले डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : चेकपॅच (कर्नलच्या पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) 100 अक्षरांची ओळ चालवून घेते, मग 80 चा आग्रह का? आणि त्याच फाइलमधली जुनी शैलीही मी सुधारू का?

उत्तर : चेकपॅचची मर्यादा 2020 मध्ये 100 झाली, शैलीविषयक दस्तऐवज आजही 80 लाच पसंती देतो. मात्र लॉगमध्ये छापला जाणारा संदेश कधीही तोडू नका, नाहीतर तो 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने शोधता येत नाही. आणि जुनी शैली सुधारायचीच असेल तर ती वेगळ्या पॅचमध्ये सुधारा. दोष-दुरुस्तीत ती मिसळली, तर स्टेबल शाखेत (आधी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरवणाऱ्या शाखेत) तेवढीच दुरुस्ती नेणाऱ्याला नको असलेल्या पन्नास ओळीही सोबत न्याव्या लागतात.