बाहुलीच्या परकराचा नेफा

प्रश्न : साडेअकरा इंची बाहुलीचा परकर शिवते. नेफ्यात इलॅस्टिक ओवताना सेफ्टी पिन शिवणीत अडकते आणि कंबरेला गाठोडं होतं. काय करावं?

उत्तर : परकर आधी गोल शिवून मग इलॅस्टिक ओवता, तिथेच घोळ होतो. एवढ्या लहान घेरात आतली शिवण पिनेला अडवणारच. मागची शिवण शेवटी घाला.

इलॅस्टिक ३ मिमी रुंदीचं घ्या. ६ मिमीचं या मापाला जाडच. नेफ्यासाठी कंबरेवर १२ मिमी कापड जास्त ठेवा. आधी ५ मिमी दुमडून इस्त्री करा, मग ७ मिमी. आतल्या दुमडीच्या अगदी काठावर, बारीक टाक्याने शिवा. टीप वर सरकली तर नेफा अरुंद होऊन इलॅस्टिक अडकतं.

कापड सपाट असतानाच मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने इलॅस्टिक ओवा. आधी एक टोक टाक्याने पक्कं करा, नाहीतर ते आत निसटतं. कंबर ९ सेंमी असेल तर ८ सेंमी इलॅस्टिक, अधिक दोन्ही टोकांना शिवणीसाठी अर्धा-अर्धा सेंमी. दुसरं टोक पक्कं करून चुण्या सारख्या करा, मग मागची शिवण घाला. इलॅस्टिकवर टीप मागे-पुढे दोनदा न्या. तयार परकर नितंबांवरून सहज चढेल ना, हे ओवल्यावर लगेच ताणून बघा.

आणि गाठोड्याचं दुसरं कारण कापड. जाड सुती सोडा, मलमल घ्या. घेर २४ सेंमी पुरे.