गाडीत ऐकायचं काय?

प्रश्न : ताई, मला कामावर जायला ५० मिनिटं लागतात आणि परतायला जवळजवळ तास. सगळा वेळ गाडी मीच चालवते. सोबतीला रेडिओ. आमच्याकडे पाच एफएम स्टेशनं लागतात, पण पाचही सारखीच. सकाळी वाजलेलं गाणं संध्याकाळी पुन्हा. एकीकडे जाहिराती लागल्या म्हणून दुसरं लावावं, तर तिथेही जाहिरातीच. निवेदक बोलतात भरपूर, सांगत काहीच नाहीत. वाटेत टेकड्या आहेत, तिथे खरखर सुरू होते ती वेगळीच. लहानपणापासून रेडिओ जवळचा वाटतो, त्यामुळे बंद करताना वाईट वाटतं. माझंच वय झालं, की रेडिओ खरंच बिघडला? आणि त्याच्याऐवजी काय ऐकू? गाडी जुनी आहे, पण पेनड्राइव्ह लावता येतो.

उत्तर : तुमचा कान अगदी जागेवर आहे. मी १४ वर्षं एका स्टेशनात नोकरी केली, त्यातली शेवटची ६ वर्षं रात्रीच्या कार्यक्रमाची निवेदक म्हणून. तुम्ही लिहिलेली एकेक तक्रार आत कशी तयार होते ते मी पाहिलं आहे.

गाणी निवेदक निवडत नाही, संगणक लावतो. गाण्यांचे गट पाडलेले असतात. सगळ्यात वरच्या गटात मोजकीच गाणी, आणि ती दर काही तासांनी फिरून यायलाच हवीत असा नियम घातलेला. त्या गटात कोणतं गाणं घ्यायचं हे ठरवताना लोकांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि विचारतात : ओळखीचं वाटतं का? आवडतं का? जे कुणी कधी ऐकलेलंच नाही, ते या चाळणीतून पार होणार कसं? आमच्या स्टेशनात कपाटं भरून गाणी होती. वर्षानुवर्षं त्यांना कुणाचा हात लागला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

जाहिराती सगळीकडे एकाच वेळी लागतात, यामागेही हिशोब आहे. अमेरिकेतली श्रोते मोजण्याची पद्धत घ्या. तिथे पाव तास हे माप आहे, आणि त्या पाव तासात तुम्ही ५ मिनिटं ऐकलंत की अख्खा पाव तास स्टेशनाच्या खात्यावर जमा, अशी अट अनेक दशकं होती. मग कार्यक्रम आखणारा पाव तासाच्या सांध्यावर गाणी ठेवतो, म्हणजे एकाच बैठकीत अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन पाव तास पदरात पडतात. जाहिराती जातात मधल्या मिनिटांत. सगळ्यांचा हिशोब एकच असला की मधली मिनिटंही एकच निघतात. तुम्ही बटण दाबत राहता आणि सगळीकडे तेच ऐकता.

बोलणाऱ्यांबद्दल लिहिताना मात्र मला राग आवरत नाही. चार तासांच्या कार्यक्रमातली सगळी निवेदनं तासाभरात आधीच बोलून ठेवता येतात. संगणक ती गाण्यांच्या मधे बसवतो. एकच माणूस अशी चार-पाच स्टेशनांसाठी बोलतो आणि त्यातल्या एकाही ठिकाणी तो नसतो. बाहेर पाऊस पडतोय की रस्ता बंद झालाय, त्याला कसं कळणार? म्हणून तो सगळीकडे चालेल असंच बोलतो, आणि तुम्हाला वाटतं हा काहीच सांगत नाही. अमेरिकेत एका मालकाकडे देशभरात ४० पेक्षा जास्त स्टेशनं नसावीत असा नियम होता. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तो उठवला आणि काही वर्षांतच एका कंपनीकडे हजाराहून जास्त स्टेशनं गेली. एवढ्या ठिकाणी रात्री माणूस बसवायचा म्हणजे खर्च.

माझा कार्यक्रमही असाच गेला. रात्री एक-दीडच्या सुमाराला मालट्रक चालवणाऱ्यांचे फोन यायचे. अमुक वळणावर धुकं उतरलंय, पुढे झाड पडलंय. मी ते लगेच सांगायचे, आणि थोड्या वेळाने दुसऱ्याचा फोन यायचा की बरं झालं सांगितलंत, मी हळू घेतली. कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाल्यानंतर एकदा सामान न्यायला स्टुडिओत गेले, तर त्या फोनची वायर काढून ठेवलेली होती. त्यामुळे रेडिओ बिघडला का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे.

टेकड्यांमधल्या खरखरीचा दोष मात्र स्टेशनाला देऊ नका. एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांबीच्या. त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. शिवाय खडकांवरून, इमारतींवरून आपटून आलेली लहर थेट आलेल्या लहरीला कुठे कुठे मारते. अशा जागा मीटर-दीड मीटरवरही बदलतात. म्हणून लाल दिव्यापाशी गाडी थांबली असताना खरखर लागली, तर पुढची गाडी सरकल्यावर तुम्ही जरा पुढे जाता आणि आवाज स्वच्छ होतो. दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात एकाच आकड्यावरची दोन स्टेशनं आलटून पालटून का लागतात? एफएमचा रेडिओ दोघांची सरमिसळ करत नाही. त्या क्षणी ज्याचा जोर जास्त, तेवढंच उचलतो.

आता ऐकायचं काय. माझं सांगणं एकच : निवड घरी करा, गाडीत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॅशबोर्डवरचं काम असं असावं की नजर एका वेळी २ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये. ते दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. यादी खाली सरकवत गाणं शोधायला दोन सेकंद पुरत नाहीत.

मी रविवारी संध्याकाळी आठवड्याचा पेनड्राइव्ह भरते. वीसेक मिनिटं लागतात. तुम्हीही करून पाहा. आधी संगणकावर पेनड्राइव्ह एफएटी ३२ (फायली साठवण्याची जुनी पद्धत) निवडून फॉरमॅट करा, कारण जुन्या गाड्यांतले बरेच प्लेअर दुसरी पद्धत वाचत नाहीत. फायलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. काही प्लेअर नावाकडे पाहतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल आली त्या क्रमाने वाजवतात. पुस्तकाचं सातवं प्रकरण तिसऱ्याच्या आधी ऐकण्याचा वैताग मी भोगला आहे. जागेची काळजी नको. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट) छान ऐकू येतो आणि तासाला २९ एमबीच्या आसपास जागा घेतो, म्हणजे एका जीबीत चौतीस तास. तुमचा दोन आठवड्यांहून जास्त प्रवास त्यात बसला.

काय भरायचं ते रस्ता पाहून ठरवा. गर्दीच्या भागात मी ओळखीचं संगीतच ठेवते. तिथे गुंतागुंतीचं व्याख्यान लावलं, तर एक तर ते कानावरून जातं किंवा समोरची गाडी नजरेतून सुटते, आणि दुसरं जास्त वाईट. मोकळ्या रस्त्यावर पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक. ऑडिओबुक घेताना पुस्तकाआधी वाचणाऱ्याचा आवाज तपासा, दहा मिनिटं तरी ऐका. तो आवाज पंधरा-वीस तास तुमच्या शेजारी बसणार आहे. पॉडकास्टचे भाग घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. एफएम जिथे तुटतं, तिथे मोबाइलचं नेटवर्कही बहुधा डळमळतं.

आणखी एक गोष्ट, जी मला स्टेशनात असतानाच कळली. रेडिओवर आवाज दाबून सपाट केलेला असतो, हळू भाग वर उचललेले, मोठे भाग खाली बसवलेले. घरी ते कानाला खटकतं, पण चाकांच्या आवाजात उपयोगी पडतं. तुमच्या संग्रहातलं संगीत गाडीत लावलंत तर हळू जागा बुडतील आणि मोठ्या जागा अंगावर येतील. फायली तयार करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्येही तशी सोय असते.

प्रश्न : माझ्या गाडीत पेनड्राइव्हची सोय नाही. फोनवरचं रेडिओवर ऐकवणारं छोटं एफएम यंत्र घेतलं, पण कधी दुसरं स्टेशन घुसतं. तारेने जोडून पाहिलं, तर फोन चार्जिंगला लावला की शिट्टीसारखा आवाज येतो.

उत्तर : ते यंत्र म्हणजे अगदी कमी ताकदीचं स्टेशनच. पट्ट्यावर रिकामा आकडा शोधा, आणि शेजारच्या आकड्यांवरही काही लागत नसेल असाच घ्या. गावात रिकामी असलेली जागा पुढच्या गावात भरलेली असू शकते, म्हणून रोजच्या रस्त्यावर दोन्ही टोकांना तपासून दोन आकडे ठरवा.

शिट्टीसाठी एक करून पाहा. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाबरोबर शिट्टीचा सूर चढत असेल, तर ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची, चार्जरच्या वाटेने आवाजात शिरलेली. चार्जर काढल्यावर ती गेली, तर खात्रीच झाली. चार्जर बदलून पाहा. नाहीच गेली, तर असा गोंगाट अडवणारा, ऑडिओच्या तारेत बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा. किंवा फोन घरूनच चार्ज करून निघा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत, अजून गाडी चालवतात. त्यांना बातम्या आणि माणसाचा आवाज हवा असतो, फोन-पॉडकास्ट नको. आम्ही आता विजेवर चालणारी गाडी घेतोय. डिजिटल रेडिओ घ्यावा का? की रेडिओचा नादच सोडायला लावू?

उत्तर : नाद सोडायला लावू नका. पूर आला, वादळ आलं, मोबाइलचे मनोरे बंद पडले, तरी जनरेटरवर चालणारं एक स्टेशन हजारो गाड्यांत एकदम बोलू शकतं.

गाडी घेताना मीडियम वेव्ह, म्हणजे एएम रेडिओचा पट्टा, आहे का ते विचारा. विजेच्या मोटारीला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेतून जो गोंगाट निघतो, तो नेमका त्या पट्ट्याला झोंबतो, म्हणून काही उत्पादकांनी तो पट्टाच काढून टाकला आहे. मीडियम वेव्हच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, जमिनीला धरून टेकड्यांपलीकडे पोचतात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून खूप दूर जातात. ज्यांना बातम्या ऐकायच्या आहेत, त्यांच्यासाठी तो पट्टा मोलाचा आहे.

डिजिटल घ्या, पण तुमच्या भागातली प्रसारणं आणि गाडीतला संच एकाच पद्धतीचे आहेत ना, ते आधी पाहा. डिजिटलमध्ये खरखर होत नाही. सिग्नल अपुरा पडला की आवाज तुटतो आणि मग एकदम शांतता. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनं एफएमवरून काढून डिजिटलवर नेली, पण बरीच छोटी स्थानिक स्टेशनं तिथे एफएमवरच राहिली. म्हणून गाडीत दोन्ही असू द्या.

वडिलांसाठी पहिल्या बटणावर बातम्यांचं स्टेशन लावा. दुसऱ्यावर असं स्टेशन, जिथे अजून माणूस बसतो. ते ओळखायचं कसं? बाहेर जोराचा पाऊस सुरू झाला की पाच मिनिटांत कोण त्याबद्दल बोलतं, ते ऐका. सापडलं, तर वडिलांना त्या निवेदकाला दोन ओळींचं पत्र लिहायला सांगा. आमच्याकडे आलेली पत्रं महिन्याच्या बैठकीत टेबलावर ठेवली जायची, आणि माझा कार्यक्रम बंद करायचा विषय निघाला तेव्हा त्याच पत्रांमुळे तो आणखी दोन वर्षं चालला.