धुरा की बांध?

प्रश्न : गुरुजी, तुमचा अंक आमच्या गावी दुपारच्या एसटीने येतो. रात्री जेवणं झाली की सासरे आणि मी कोडं घेऊन बसतो. या खेपेला ७ आडवं होतं, ‘१९५५ ची आशियाई-आफ्रिकी परिषद भरली ते शहर’, तीन घरं. त्याच घरातून ७ उभं, ‘शेताची कड’, दोन घरं. सासऱ्यांनी लगेच पेनानं ‘धुरा’ लिहून टाकलं. आता ‘धु’वरून शहर म्हटलं तर धुळंच आठवते, अन् तेही दोन घरांचं. यजमान म्हणतात जकार्ता. देश-राजधानीच्या कोड्यांत आम्ही नेहमीच अडतो. काय करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी पेन काढून घ्या त्यांच्याकडून. पेन्सिल द्या.

सासऱ्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे धुराच म्हणतात, भांडणंही धुऱ्याचीच होतात. पण कोडं रचणारा बहुधा पुण्याकडचा. त्याच्या लेखी शेताची कड म्हणजे बांध. ‘धु’ खोडून ‘बां’ लिहा आणि आडवं पाहा : बांडुंग. बां-डुं-ग. तुमच्या यजमानांचा देश बरोबर होता, इंडोनेशियाच. घरंही तीनच, ज-का-र्ता. पण परिषद राजधानीत नव्हे, जावा बेटावरच्या बांडुंगला भरली होती, एप्रिल १९५५ मध्ये. २९ देश आले होते. सुकार्णो यजमान, आपले नेहरू होते, चीनचे चौ एन-लाय होते. ही आणि अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद यांत पुष्कळांची गल्लत होते. ती १९६१ ची, बेलग्रेडची, चार घरांची.

माझी सवय सांगतो. मी उत्तर आठवण्याआधी घरं मोजतो. जोडाक्षराला एकच घर, हे पक्कं. श्रीलंकेची राजधानी विचारली आणि पहिलं अक्षर ‘को’ आलं, तर त्यानं काहीच ठरत नाही. तीन घरं असतील तर कोलंबो, दोन असतील तर कोट्टे. तिथली संसद १९८२ पासून कोट्ट्यात आहे, पण जुने कोडेकार अजून कोलंबोच धरून बसलेत. तुर्कस्तानची तर गंमतच. तुर्की दोन घरं, तुर्किये तीन, तुर्कस्तान चार. देश एकच! तुर्किये हे नाव संयुक्त राष्ट्रांत २०२२ साली लागलं, म्हणून तीन घरं दिसली की कोडं ताजं समजावं.

खरी अडचण ब्रह्मदेशाची. ब्र-ह्म-दे-श चार, म्या-न-मा-र चार. राजधानी रंगून तीन, यांगून तीन, नेप्यिदॉ तेही तीनच. इथं मोजून भागत नाही, कोडेकाराच्या घरी कोणत्या सालचा नकाशा टांगलाय ते ओळखावं लागतं. म्यानमार हे नाव १९८९ चं आणि सरकार यांगूनहून हललं २००५ च्या शेवटी. नेप्यिदॉ मात्र कोडेकार सहसा टाळतात; त्याचं शुद्धलेखन मराठीत दोन वर्तमानपत्रांचं जुळत नाही.

जुन्या नकाशावर मी हसत नाही. मी ज्या शाळेत भूगोल शिकवला, तिथल्या भिंतीवर सोव्हिएत संघ मोडून आठ वर्षं झाली तरी तो तसाच लाल रंगात पसरलेला होता. नवा नकाशा मागितला की, “पुढच्या वर्षी पाहू”. शेवटी मीच त्यावर पेन्सिलीनं रेघा मारून कझाकस्तान, उझबेकिस्तान वेगळे केले. पोरांना तेवढ्यानं नावं पाठ झाली. त्यातल्या कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. तीन वर्षांतली कोडी हाती लागली तर सांभाळून.

आणि सासऱ्यांना सांगा, पुढचं कोडं मी रचतोय. त्यात ‘शेताची कड’ आली तर धुराच असेल. पुण्याकडच्यांनी बसावं मग पेन्सिल चावत.