एल्व्हिसला नकार देऊन डॉली पार्टननं काय राखलं?

प्रश्न : ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणं रॉक अँड रोलचा गायक एल्व्हिस प्रेस्ली याला गायचं होतं, पण ते लिहिणारी अमेरिकी गायिका-गीतकार डॉली पार्टन हिनं दिलं नाही, असं ऐकलं. एवढी संधी तिनं का सोडली?

उत्तर : एल्व्हिसनं गाण्याला तिची हरकत नव्हती, उलट ती हरखून गेली होती. बोलणं फिसकटलं ते त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याच्या अटीवर. त्याला प्रकाशन हक्कांतला अर्धा वाटा हवा होता.

हा वाटा म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. शब्द-चाल ही एक मालमत्ता, तिचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. शब्द-चालीची मिळकत रूढीनं निम्मी गीतकाराला आणि निम्मी प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला, जाते. पार्टन 1964 मध्ये कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात आली आणि दोनच वर्षांत तिनं मामा बिल ओवेन्सबरोबर प्रकाशन कंपनी काढली. म्हणून तर ‘नाही’ म्हणणं तिच्या हातात होतं.

1974 साली शब्द-चालीसाठी कायद्यानं ठरलेला दर ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक प्रतीमागे फक्त 2 सेंट होता. त्यातला 1 सेंट प्रकाशनाचा. पार्करची मागणी त्याच्या निम्म्याची. म्हणजे दहा लाख प्रतींमागे 5,000 डॉलर. रक्कम किरकोळ वाटेल, पण वाटा एकदा लिहून दिला की पुढं ते गाणं कोणीही गायलं तरी तो जातच राहतो. गायिका व्हिटनी ह्यूस्टननं 1992 मध्ये तेच गाणं गायलं आणि ते सलग 14 आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात अमेरिकेतलं नेहमीचं एएम-एफएम रेडिओ गायकाला छदामही देत नाही, देतं ते गीतकार-प्रकाशकाला. व्हिटनीचा आवाज रेडिओवर लागला की पैसे पार्टनला!

खरं तर गाणं एकदा बाजारात आलं की ठरलेला दर भरून कोणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो, लेखकाची परवानगी लागत नाही. एल्व्हिसलाही तो रस्ता मोकळा होता. पार्करचा जोर कायद्याचा नव्हता, एल्व्हिसच्या नावाचा होता. अशा नावापुढं भले भले गीतकार वाटा सोडून देत. पार्टननं सोडला नाही, यात तिची खरी व्यवहारदृष्टी दिसते.

प्रश्न : नॅशव्हिलच्या एकेका गाण्यावर तीन-तीन गीतकारांची नावं कशी?

उत्तर : तिथं ठरलेल्या वेळी दोघं-तिघं एका खोलीत बसून गाणं रचतात. जो खोलीत होता त्याला समान वाटा, मग त्यानं एकच ओळ का सुचवलेली असेना, असा रिवाज आहे. ओळी मोजत बसलं तर पुढच्या वेळी कोणी मोकळेपणानं सुचवणार नाही. वाटणी त्याच दिवशी कागदावर उतरवून सगळ्यांनी सह्या कराव्यात. गाणं गाजल्यावर हा विषय काढला की भांडण ठरलेलंच. आणि प्रकाशक नवोदित गीतकाराला दरमहा जी रक्कम देतो, ती पगार समजू नये. ती उचल असते, पुढच्या रॉयल्टीतून वळती होते.