पिक्चर सुटला, गोळीबार सुटेना

ऑगस्ट आला की टीव्हीवर युद्धपटांची रांग लागते आणि त्यांच्या मागोमाग आमच्याकडे पत्रं येतात. या अंकासाठी त्यातली सहा निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, फक्त वस्ती ठेवली आहे.

महिन्यापूर्वी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ पाहिला. गोष्ट आता धड आठवत नाही, पण स्वतःचा तुटलेला हात उचलणारा सैनिक आणि स्फोटानंतर सगळा आवाज बसतो तो क्षण काही केल्या जात नाही. घरावरून विमान गेलं की पोटात गोळा येतो. रक्त तर इतर सिनेमांतही असतं, मग हेच का उरलं? – सोनेगाव

तुम्ही सांगितलेले दोन्ही क्षण त्या १९९८ च्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागातले, दुसऱ्या महायुद्धातल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या (फ्रान्स) लढाईच्या साधारण २४ मिनिटांतले आहेत. प्रेक्षक एरवी ज्या आधारावर सावरून बसतो, तो आधारच तिथे काढून घेतला आहे. पहिला आधार पार्श्वसंगीताचा. लढाईच्या त्या भागात संगीत नाही. संगीत असलं की पुढे वाईट होणार की सुटका, हे आधी कानाला कळतं आणि मन तयारीला लागतं. इथे ती सूचनाच मिळत नाही.

दुसरा आधार डोळ्याच्या सवयीचा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. कॅमेऱ्यातली उजेड आत सोडणारी फिरती झडप म्हणजे शटर, ते नेहमी १८० अंशांचं असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड मिळतो. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू किंचित पुसट उमटते आणि ती पुसटी आपल्या अंगवळणी पडलेली असते. या चित्रणात शटर ९० आणि ४५ अंशांवर आणलं, म्हणजे १/९६ आणि १/१९२ सेकंद. पुसटी गेली, उडालेल्या वाळूचा कण न् कण दिसू लागला, धावणारी माणसं तुटक झाली. भिंगांवरचा लेपही काढून टाकला होता. त्यामुळे उजेड जुन्या बातमीपटासारखा पसरतो, आणि बातमीपट म्हणजे खरं, हे आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. माझ्या मते सगळ्यात खोल जाते ती हीच. तोफगोळा जवळ पडतो, चित्रपटाचा नायक असलेल्या कॅप्टनचे कान बसतात आणि लढाई पाण्याखाली गेल्यासारखी ऐकू येते. तोवर तुम्ही त्याला बाहेरून पाहत होता, त्या क्षणी त्याच्या डोक्याच्या आतून ऐकायला लागता. १९८५ च्या ‘कम अँड सी’ या सोव्हिएत चित्रपटात बॉम्बहल्ल्यानंतर मुलाच्या कानात शिटी वाजत राहते, तिथेही हीच युक्ती आहे. नको ते दिसलं तर डोळे मिटता येतात. कानांना पापण्या नाहीत.

आता विमानाचं. खालच्या पट्टीतली घरघर आणि भीती यांची तुमच्या शरीरानं जोडी लावली आहे. ती मोडायची तर घरघर ऐकू यावी, पण सोबत काहीही वाईट घडू नये, असे प्रसंग पुष्कळ व्हावे लागतात. तुम्ही खिडक्या लावून घेत असाल किंवा टीव्हीचा आवाज वाढवत असाल, तर शरीराला तो पुरावा कधी मिळतच नाही. त्याऐवजी संध्याकाळी गच्चीवर पंधरा मिनिटं बसा आणि येणारी विमानं मोजा. पहिल्या दोन-तीन दिवशी छाती धडधडेल. तरी मध्येच उठू नका, धडधड उतरेपर्यंत बसा. आठ-दहा दिवस हे करा.

हा आजार आहे का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत, केवळ पडद्यावर पाहिलेली गोष्ट (ती नोकरीचा भाग म्हणून पाहावी लागली नसेल तर) आघातोत्तर विकाराचं (पीटीएसडी) कारण धरलेली नाही. पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या १९९९ सालच्या एका पाहणीत, पूर्वी पाहिलेल्या भयावह चित्रपटाचा वा कार्यक्रमाचा परिणाम अजून जाणवतो असं साधारण एक चतुर्थांश मुलांनी सांगितलं होतं. झोप नीट लागत असेल आणि कामं होत असतील तर गच्चीचा उपाय पुरे. झोप मोडत असेल किंवा घराबाहेर पडणं टाळावंसं वाटत असेल, तर आणखी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

असला चित्रपट पाहिल्यावर त्याच रात्री काय करावं? आम्ही मित्र दोन वाजेपर्यंत त्यावरच बोलत बसतो, तरी झोप येत नाही. – प्रतापनगर

‘तरी’ नाही, ‘म्हणून’. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना इजा आणि मृत्यूच्या दृश्यांची १२ मिनिटांची फिल्म दाखवली. अर्ध्या तासानं निम्म्यांना १० मिनिटं टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे फिरवून बसवण्याचा व्हिडिओ गेम, खेळायला दिलं, बाकीचे नुसते बसले. पुढचा आठवडाभर सगळ्यांनी रोजनिशी ठेवली. टेट्रिसवाल्यांना नको असताना डोळ्यांपुढे येणारी दृश्यं कमी दिसली, मात्र फिल्ममधली माहिती त्यांना इतरांइतकीच आठवत होती. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात चार तासांनी खेळूनही उपयोग झाला. शब्दांची प्रश्नमंजुषा दिलेल्यांचा त्रास मात्र वाढला.

कारण सोपं आहे. दृश्य मनात पक्कं व्हायला काही तास लागतात आणि त्यासाठी लागणारी डोळ्यांपुढची जागा मर्यादित असते. आकार फिरवून बसवण्याचं काम तीच जागा अडवतं. गप्पांना ती जागा लागत नाही, उलट प्रत्येक ‘अन् तो सीन पाहिला का बे?’ ला दृश्य पुन्हा उजळतं. तेव्हा घरी आल्यावर दहा-वीस मिनिटं टेट्रिस खेळा किंवा चित्रांचे तुकडे जोडा. घरात कुणी ठिपक्यांची रांगोळी काढत असेल तर वही घेऊन शेजारी बसा. मोबाईलवर त्याच युद्धाचे खरे व्हिडिओ शोधणं ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक. दारूनं झोप लवकर लागते पण पहाटे मोडते, आणि मोडलेल्या झोपेत काय दिसतं ते वेगळं सांगायला नको. चर्चा जरूर करा, दुसऱ्या दिवशी तर्रीपोह्यांवर.

वडील फौजेतून निवृत्त आहेत. पंधरा ऑगस्टला सगळं घर मिळून कारगिलवरचा चित्रपट पाहायचं ठरवतंय. मागच्या वेळी ते मध्येच उठून अंगणात गेले आणि दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना बसवावं की नाही? – कामठी

हे तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. विचारायचं तेही एकटे असताना. सगळ्यांसमोर विचारलंत तर ‘मला काय होतंय’ हेच उत्तर मिळेल. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ लागला तेव्हा अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याला, चित्रपट पाहून अस्वस्थ झालेल्यांसाठी खास फोनसेवा ठेवावी लागली होती. ती माणसं पन्नास वर्षांपूर्वी लढून आलेली होती. त्यामुळे ‘इतकी वर्षं झाली’ हा मुद्दा इथे चालत नाही. इतरांच्या मनात चित्रपट नवी आठवण तयार करतो, त्यांच्या मनात आधीच असलेलीला हात घालतो.

ते हो म्हणाले तर त्यांची खुर्ची दाराजवळ ठेवा, म्हणजे कुणाच्या पायांवरून न जाता उठता येईल. एक दिवा चालू ठेवा. आवाज नेहमीपेक्षा कमी आणि रिमोट त्यांच्या हातात. ते उठले तर मागे जाऊन ‘काय झालं बाबा?’ करू नका. दहा मिनिटांनी चहा घेऊन जा आणि नुसते शेजारी बसा. नातवंडांना आधीच बजावून ठेवा की ‘आबा, तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘असंच असतं का?’ हाही नाही. त्यांना बोलायचं असेल तर ते लढाईपासून सुरुवात करणार नाहीत. थंडीबद्दल, लंगरच्या जेवणाबद्दल, एखाद्या सोबत्याबद्दल बोलतील. ते ऐका आणि तिथेच राहू द्या.

दोन दिवस गप्प राहणं एवढ्यानं घाबरू नका. पण रात्री दचकून उठणं, दिवाळीच्या फटाक्यांना घराबाहेर निघून जाणं, पिणं वाढणं, रागाचा भडका, यातलं काही महिनाभर टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल मिळतं. नाहीतर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची मानसोपचार ओपीडी आहे, छिंदवाडा रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथल्या नावाला लोक उगाच बिचकतात. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६, चोवीस तास आणि मोफत. मराठीतही बोलता येतं.

नववीच्या वर्गाला १९७१ च्या युद्धावरचा चित्रपट दाखवायचा आहे. मुलांना इतिहास जिवंत वाटावा एवढाच हेतू. काय काळजी घ्यावी? – शिक्षिका, धरमपेठ

बाई, भीतीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. मुलं जे पाहतील तेच त्यांना खरं म्हणून आठवेल. २००९ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात मुलांनी अचूक धडा वाचला होता आणि त्याच विषयावरच्या चित्रपटाचा तुकडाही पाहिला होता. जिथे दोन्हींत फरक होता तिथे मुलांनी बऱ्याचदा चित्रपटातली चूक लिहिली, आणि तीही धड्यात वाचल्याच्या खात्रीनं. ‘चित्रपटात चुका असतात हं’ अशी मोघम ताकीद फुकट गेली. ‘अमुक ठिकाणी असं दाखवलंय, घडलं होतं असं’ हे नेमकं सांगितलं तेव्हाच फरक पडला.

‘बॉर्डर’ घ्या. लोंगेवालाच्या लढाईवरच्या या १९९७ च्या चित्रपटात भैरोसिंग हे पात्र शहीद होतं. खरे भैरोसिंग राठोड त्या लढाईतून वाचले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी पाकिस्तानी रणगाड्यांचा खरा फडशा पाडला तो जैसलमेरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी. पडद्यावर मात्र जमिनीवरच्या झुंजीला इतकी जागा मिळते की विमानं शेवटी पोचलेल्या पोलिसांसारखी वाटतात. या दोन गोष्टी चित्रपटाआधी फळ्यावर लिहा आणि संपेपर्यंत पुसू नका. तास असेल तर एक जुनं उदाहरणही द्या. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातली सोमची (फ्रान्स) लढाई चालू असतानाच तिच्यावरचा माहितीपट ब्रिटनमध्ये लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. खंदकातून उडी मारून सैनिक हल्ल्याला निघतात ते त्यातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य आघाडीच्या मागे मुद्दाम उभं करून घेतलेलं होतं. चित्रपटगृहात बसलेल्यांना ते कळलं नाही.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. प्रमाणपत्र आधी पाहा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झालेत; नववीला १६+ नको. सलग तीन तास दाखवू नका, ३५-४० मिनिटांचे तुकडे करा आणि शेवटचा तुकडा शेवटच्या तासाला ठेवू नका, नाहीतर मुलं ते डोक्यात घेऊनच स्कूल बसमध्ये चढतील. ज्यांच्या घरी कुणी फौजेत आहे, त्या मुलांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा आणि ग्रंथालयात बसायची मोकळीक द्या. कारण विचारू नका.

सहा वर्षांच्या नातीला थिएटरमध्ये नेलं, पहिल्या स्फोटाला ती रडायला लागली. ‘खोटं असतं ग’ म्हणून समजावलं, उपयोग झाला नाही. – महाल

होणारही नव्हता. साधारण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना ‘हे खोटं आहे’ हे पटलं तरी त्यानं भीती उतरत नाही. त्यांना लागतं ते कुशीत घेणं, बाहेर उजेडात नेणं, हातात काहीतरी खायला देणं. तिकिटाचे पैसे गेले म्हणून आत बसून राहू नका. आणि ए प्रमाणपत्राच्या चित्रपटाला १८ वर्षांखालच्यांना आई-बाबा सोबत असले तरी प्रवेश नसतो, हे काही पालकांना दारात कळतं.

घरी पाहिलं तर परिणाम कमी होतो ना? आमच्याकडे साउंडबार आणि सबवूफर आहे. – मानेवाडा

मे महिन्यात पाहाल तर उलटही होईल. कूलर चालू, त्यात पात्रं कुजबुजतात, म्हणून तुम्ही आवाज चढवता आणि पुढच्या क्षणी तोफ त्याच पातळीवर येते. थिएटरमधला आवाज संवाद आणि स्फोट दोन्ही धरून जुळवलेला असतो, तुमचा फक्त कुजबुजीसाठी जुळवलेला. सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ असतो, तो लावा. हळू आवाज वर येतात, मोठे खाली. सबवूफर खोलीच्या कोपऱ्यात असेल तर दोन्ही भिंती खालचा आवाज फुगवतात, तो कोपऱ्यापासून दोन-तीन फूट बाहेर ओढा. मुलांना हेडफोन लावून पाहू देऊ नका, त्यात गोळी डोक्याच्या आतच फुटते. आणि कूलर मधल्या वेगावर ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.