काचेत पाणी, वायरीत उंदीर आणि वॉरंटीचं पुस्तक

पावसाळा सरता सरता गाडीच्या दिव्यांच्या तक्रारी वाढतात. आता कारखाने पेटतील, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो, तेव्हा आपलाच उजेड धड हवा. या वेळी आलेल्या प्रश्नांतले सहा घेतो.

गाडी घेऊन ८ महिने झाले. डाव्या हेडलाइटचा बल्ब उडाला. वॉरंटीत बसत नाही म्हणतात. मग ३ वर्षांची वॉरंटी कशाची? (परभणी)

बल्बच्या बाबतीत ते खरं बोलतात. फ्यूज, वायपरचं रबर, ब्रेक पॅड आणि बल्ब या झिजणाऱ्या वस्तू. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात त्या वगळलेल्या असतात. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये साधी वॉरंटी २ वर्षांवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, जे आधी भरेल ते. पण वॉरंटी कितीही मोठी असली तरी ती कंपनीच्या चुकीसाठी असते, वापरातल्या झिजेसाठी नसते. तुमच्या गाडीत साधा हॅलोजन असेल तर काही शे रुपयांत विषय मिटतो. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू देऊ नका; बोटाचा तेलकट डाग तापतो आणि बल्ब लवकर जातो.

मात्र त्याच बाजूचा बल्ब दोन महिन्यांत पुन्हा गेला, तर दोष बल्बचा नाही. होल्डर ढिला असेल, आत ओल असेल, नाहीतर व्होल्टेज चढत असेल. ते तपासून घ्या. कंपनीतूनच एलईडी आलेली गाडी असेल तर 'बल्ब वॉरंटीत नाही' हे वाक्य ऐकून परत फिरू नका. तिथे बहुतेकदा सुटा बल्ब नसतोच, अख्खं युनिट बदलावं लागतं आणि बिल हजारांत जातं. आपोआप बंद पडलेलं एलईडी युनिट हा कारखान्यातला दोष धरावा, असंच मी म्हणेन.

सकाळी हेडलाइटच्या काचेला आतून वाफ दिसते. शोरूमवाले 'नॉर्मल आहे' म्हणतात. (लातूर)

अर्धं खरं आहे. दिवा आत तापतो, हवा फुगते, म्हणून मागे बारीक श्वासछिद्रं ठेवलेली असतात. ओल्या हवेत त्यातून दमट हवा आत जाते आणि रात्री काच गार पडली की कोपऱ्यात धुकं धरतं. दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर ते विरलं, तर दुरुस्तीसारखं काही नाही. पण थेंब ओघळतायत, तळाशी पाणी साचलंय, किंवा दुसऱ्या दिवशी दुपारीही वाफ तशीच आहे, तर सील गेलंय. ते वॉरंटीत मागायचं.

इथे माझी फजिती सांगतो. माझ्या गाडीचा उजवा दिवा असाच भरायचा. दोनदा सर्व्हिस सेंटरला गेलो, दोन्ही वेळा भर उन्हात. गेटवर पोचेपर्यंत काच कोरडी ठक्क. तिथला पोरगा माझ्याकडे असा बघायचा की मीच खोटारडा. तिसऱ्यांदा पहाटे साडेसहाला मोबाइलवर व्हिडिओ काढला: काचेवरचे थेंब, नंबर प्लेट आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर, एका झटक्यात. युनिट बदलून मिळालं. जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले तुमची तक्रार लिहितात त्या कागदावर, नुसतं 'लाइट प्रॉब्लेम' लिहू देऊ नका. 'उजव्या हेडलाइटमध्ये पाणी साचते' असं लिहून घ्या आणि प्रत खिशात घाला. आणि प्रेशर वॉशरचा फवारा दिव्याच्या कडेवर जवळून मारू देऊ नका, नाहीतर दोष तुमच्यावर येईल.

उजेड कमी पडतो म्हणून जालन्यात बाहेरून १००/९० वॅटचे बल्ब बसवले. आता होल्डर वितळला. (जालना)

हा खर्च तुमचा. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा; पहिला आकडा लांबच्या झोताचा, दुसरा जवळच्या. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे ८ च्या वर. वायर तीच, कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) तोच. कपलर काढून बघा, पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं असेल. वॉरंटी तिथेच संपते. पण तेवढ्या वायरिंगपुरतीच. बल्ब बदलला म्हणून एसीचं काम नाकारलं तर कारण लेखी मागा.

गाडी घरामागे सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी असते. उंदरांनी हेडलाइटची वायर कुरतडली. (हिंगोली)

वॉरंटीत नाही. विम्याची पॉलिसी वाचा, काही कंपन्या हे धरतात, काही वेगळं कवच विकतात. पोती हलवा, नाहीतर गाडी. बॉनेटखाली बॅटरीच्या ट्रेमध्ये सोयाबीनचे दाणे सापडले तर समजा, पाहुणा वस्तीला आहे.

हायवेवर ट्रकच्या टायरखालून खडा उडाला, दिव्याला तडा गेला. (धाराशिव)

हा अपघात, विम्याकडे जा. हेडलाइटची 'काच' काचेची नसते, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. झिरो डेप (घसारा न कापणारं विम्याचं जादा कवच) नसेल तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते. किरकोळ तडा असेल तर आधी आकडा मांडा, मगच क्लेम करा.

गाडी पुण्यातून घेतली, राहतो बीडला. दर वेळी पुण्याला जायचं का? (बीड)

नाही. त्याच कंपनीचं कुठलंही अधिकृत सेंटर वॉरंटीचं काम करतं. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीला ई-मेल, मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तरीही नाही झालं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तक्रार करायची मुदत २ वर्षं. तिथे तोंडी भांडण चालत नाही, जॉब कार्डाच्या प्रतीच चालतात.

जाता जाता नांदेडच्या एका वाचकाची तक्रार: डिकीत माल भरला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ते दिवा बदलून मागतायत. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकड्यांची छोटी चकती आहे का बघा. माल भरला की आकडा वाढवा, झोत खाली येतो. माल उतरला की परत ० वर.